हेर श्टुम्पनी मागितलेली परवानगी

हेर श्टुम्प म्हणजे आमच्या गावचे निवृत्त पोस्टमन आणि शिकारी. गाव जर्मनीत, हायडेलबर्गपासून पाऊण तासावर. आमच्या ह्यांनी तिथे घर घेतलं, त्याबरोबर मागचं मोठं कुरणही पदरात पडलं. पहिल्याच हिवाळ्यात हा हिरव्या टोपीचा माणूस खांद्याला बंदूक अडकवून आमच्या कुरणातून निघाला आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, आणि हा मेला आमच्या जमिनीवर हरणं मारणार! हे म्हणाले, "अगं, इथली पद्धत आहे, जाऊ दे." जाऊ देणं माझ्या रक्तात नाही.

इथे शिकारीचा हक्क भाडेपट्ट्याने मिळतो. आसपासच्या सगळ्या जमिनींचा मिळून एक पट्टा, तो श्टुम्पकडे, आणि त्यात आमचं कुरण. पण मालकाला शिकार मनापासून पटत नसेल, तर अर्ज करून आपली जमीन काढून घेता येते. अर्ज मीच लिहिला. दीड वर्ष आम्टमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी कचेरीत, खेटे घातले, माझा जीव खरंच तुटतो हे तिथल्या बाईंना पटवलं, आणि जिंकले. श्टुम्प एवढंच म्हणाले, "ठीक आहे, फ्राऊ आगाशे, जमीन तुमची." मी आठवडाभर तोऱ्यात होते.

हा माणूस तिथे करतो तरी काय, हे मी कधी विचारलंच नाही. बांधावरची काटेरी झुडपं, तितरांसाठी पडीक ठेवलेली पट्टी, घुबडांच्या पेट्या, सगळं त्यांच्या पेन्शनीतून. शिकाऱ्यांच्या मंडळाने वर्गणी काढून अंगाची ऊब टिपणारा ड्रोन घेतला होता. गवत कापणीच्या दिवसांत श्टुम्प उजाडताच तो उडवायचे, गवतात लपलेली हरणांची पिल्लं शोधायचे आणि माणसाचा वास लागू नये म्हणून हातमोजे घालून अलगद बाजूला ठेवायचे. ही पिल्लं ट्रॅक्टर आला तरी पळत नाहीत, दबून बसतात. आमचं गवत कापणाऱ्या शेतकऱ्याला वाटलं, कुरण वेगळं झालं म्हणजे आता हे काम आगाश्यांचं. मला तर असं काही काम असतं हेच ठाऊक नव्हतं.

गेल्या जूनमध्ये, सकाळी नऊच्या सुमारास, ट्रॅक्टर मध्येच थांबला. पिल्लाचे मागचे दोन्ही पाय गेले होते आणि ते ओरडत होतं. शेतकऱ्याने श्टुम्पना फोन केला. ते दहा मिनिटांत आले, पण फाटकाबाहेरच थांबले.

"इथे बंदूक चालवायचा हक्क मला नाही," ते म्हणाले. "तुम्ही हो म्हणालात तर येतो."

मी हो म्हटलं. त्यांनी मला तोंड फिरवायला सांगितलं, मी नाही फिरवलं. एकच गोळी झाली. मग त्यांनी ओकची डहाळी मोडून पिल्लाच्या तोंडात ठेवली, आपण तुळशीपत्र ठेवतो तशी, आणि टोपी काढून उभे राहिले. इथल्या शिकाऱ्यांची ती रीत आहे. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, इतकी माझी मला लाज वाटली.

"मी अर्ज मागे घेते, हेर श्टुम्प. पूर्वीसारखं करू या."

"पट्टा मार्चला संपतो. पुढे मी घेणार नाही," ते म्हणाले. "शिकार बंद झाल्यापासून रानडुकरं तुमच्याकडे लपतात, शेजारचा मका खातात, आणि भरपाई पट्टेदाराने द्यायची. आता नाही झेपत."

ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं.

मार्चनंतर ते हॅम्बर्गला लेकीकडे गेले. पट्टा अजून कुणी घेतलेला नाही. या जूनमध्ये कापणीआधी मी आणि हे काठ्या घेऊन अख्खं कुरण तीनदा फिरलो. एक पिल्लू सापडलं, ते उचलून बांधावर ठेवलं. दुसरं ट्रॅक्टरखाली आलं, पण तेही मेलं नाही, तडफडत राहिलं. मी फोन घ्यायला घरात धावले, आणि कुणाला करायचा ते मला कळेना.