हॉर्नवर चालणारा जीपीएस

चहा ओतून घ्या आधी. माझा हा गाढवपणा एका दमात सांगायचाय. मध्येच थांबलो तर पुन्हा तोंड उघडायची हिंमत व्हायची नाही!

तर, मी मालवणात शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. विद्युत परिपथ तर माझा हातखंडा धडा. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तुम्हाला हसायला जास्त मजा येईल.

माझी एकुलती एक मुलगी मनू इन्सुलीजवळ आतल्या गावात दिलीय. सातवा महिना चालू होता. सासरची मंडळी नुकतीच काजूच्या बागेतल्या नव्या घरात राहायला गेली होती. ते घर मी पाहिलं नव्हतं. तिथं फोनला रेंज नाही, बागेच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकून एका ठरावीक जागी उभं राहिलं तरच लागतो. तिथून तिचा फोन आला.

"बाबा, जेवण बगलंय काय वकारी येता. आठ दिस नुसती पेज खातंय. मुडदुशांची कढी तेवडी खावशी वाटता."

एवढं बोलली आणि फोन कटला.

मुडदुशे माहीत आहेत ना? चंदेरी, सडपातळ, चवीला अगदी नाजूक मासे. लग्न झाल्यापासून ह्या पोरीनं आमच्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. माझा जीव कासावीस झाला. ठरवलं, रविवारी ताजे मुडदुशे घेऊन जायचं, आणि न सांगता जायचं.

"पण घर गावतला तुमका?" बायकोनं विचारलं.

"जीपीएस घेतोय!"

"कित्याक? वाटेत कोणाकय विचारा. तोंड आसा मा?"

तोंड आहे हो, पण आपल्याकडे रस्ता विचारणं काय सोपं आहे? आधी तू कोणाचो, गाव खंयचो, अमक्याचो तू कोण, आणि मग चहा. तोवर बर्फाचं पाणी होतं आणि माशांचं काय होतं ते सांगायला नको. शिवाय खरं सांगतो, रस्ता विचारायला मला कमीपणा वाटतो. हा माझा जुना रोग आहे.

तसा महिनाभर मी मोटारसायकलसाठी जीपीएस निवडतच होतो. एक फारच मोठा, त्याच्याआडून रस्ताच दिसला नसता. एक गाडीतला, पावसाचा थेंब लागला की संपला. शेवटी पाण्याला दाद न देणारा, उन्हात स्पष्ट दिसणारा असा एक आणला. जावयानं मागेच घराचे अक्षांश-रेखांशाचे आकडे पाठवले होते, ते त्यात घातले.

आता तो बसवायचा. हँडलवरची पकड बोटभर सैल. गतिरोधकावरून गाडी नेली तर यंत्र गर्रकन फिरलं आणि त्यातली बाई टाकीकडे तोंड करून हिंदीतून रस्ता सांगायला लागली. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून पकड आवळली. जागा होईना म्हणून उजवा आरसा काढून ठेवला.

राहता राहिला करंट. आमचा बबन मेकॅनिक, माझाच विद्यार्थी, म्हणाला, "सर, चावीच्या स्विचवरून वायर घेवया. मदी एक फ्यूज घालया. अर्ध्या तासाचा काम."

"बबन, परिपथ तुला कुणी शिकवला?"

"तुमीच, सर."

"मग?"

बिचारा दुसऱ्या गाडीकडे वळला. हेडलाइटच्या मागे हाताला लागल्या त्या दोन वायरींना मी स्वतः यंत्र जोडलं. पडदा उजळला! अहो, त्याची स्वतःची बॅटरी भरलेली होती, तो उजळणारच. दिवा लागला म्हणजे माझीच वायर बरोबर, असं नववीतल्या पोरानं लिहिलं असतं तर मी लाल शाईनं खोडलं असतं.

रविवारी पहाटे देवबागच्या मित्रानं दोन डझन मुडदुशे दिले, थर्माकोलच्या डब्यात, बर्फात. डबा मागच्या सीटवर करकचून बांधला आणि निघालो. सावंतवाडीपर्यंतचा रस्ता मला पाठ, पण बाई अखंड बडबडत होती आणि मी कौतुकानं ऐकत होतो. हायवे सोडून आत वळलो, पहिला अनोळखी तिठा आला, आणि पडद्यावर अक्षरं आली: बॅटरी संपली, पंधरा सेकंदांत बंद होईल.

संपली? मग माझी वायर काय करतेय?

तेवढ्यात म्हैस आडवी आली. मी हॉर्न दाबला. पडदा लख्ख! बाई म्हणाली, बाएँ मुड़िए. हॉर्न सोडला, पुन्हा पंधरा, चौदा, तेरा...

डोक्यात प्रकाश पडला. मी हॉर्नच्या बटणाची वायर पकडली होती! हॉर्न वाजला तरच बाईला करंट. एकतीस वर्षं शिकवलं मी हे!

पाना-पक्कड घरी. डब्यातून पाणी ठिबकायला लागलेलं. मग काय करणार? दर दहा सेकंदांनी एक लांब हॉर्न देत मी गावात शिरलो.

आता विचार करा. आपल्या गावांतून मोटारसायकलवर मागे डबा बांधून, सारखा हॉर्न वाजवत कोण येतं?

पहिल्याच वाडीत एक म्हातारी ताट घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी.

"काय हाडलंस रे?"

"आजी, मी मासेवालो नाय."

"मग डब्यात काय आसा?"

"मुडदुशे."

"मग?"

मी सांगितलं, चेडवाक नेतंय, लेकीसाठी आहेत. तर म्हणाली, "आमचो मासेवालो पाच दिस येवक नाय. तेचा इंजिन उतरवल्यानी. माका दात नाय रे पुता, मऊ मासो तेवडो गावता." पुता म्हणाली हो मला, बासष्टाव्या वर्षी! दोन काढून दिले. ती कनवटीला हात घालायला लागली तर मी म्हटलं, "पैशे नको."

तिथंच चुकलो! मासेवाला फुकट वाटतोय ही बातमी माझ्या मोटारसायकलच्या पुढे धावली. दर वळणावर दोघी-तिघी उभ्या. कुणाच्या हातात टोप, कुणाच्या हातात परात, आणि सगळ्यांच्या पायांत मांजरं. "तिका दिलात, आमका नाय?" मी आपला देतोय! नाही म्हणायला कधी जमलं नाही मला, शाळेतसुद्धा कुणाला नापास करणं जिवावर यायचं.

तुम्ही म्हणाल, मास्तर, एवढ्या बायका भेटल्या, तर रस्ता का नाही विचारला? अहो, विचारला असता तर कोणाकडे जायचंय ते सांगावं लागलं असतं, आणि मनूचा बाप हॉर्न वाजवत फुकट मासे वाटतोय हे माझ्याआधी तिच्या सासरी पोचलं असतं! मी हेल्मेटची काच खाली ओढून घेतली.

डब्यात चार मुडदुशे उरले तेव्हा मात्र मी भानावर आलो. आठ दिवस पेजेवर राहिलेली पोर डोळ्यांपुढे आली. लाज वाटली स्वतःची. म्हटलं, आता प्रत्यक्ष देव ताट घेऊन उभा राहिला तरी थांबायचं नाही.

मान खाली घातली, हॉर्न दाबला आणि गाडी दामटली. उजव्या बाजूच्या गडग्याआडून हाक आली, "ओऽ मासेवाल्यानू! रवाऽ! जरा रवा!" हॉर्नमध्ये आवाज धड कळेना, आणि आरसा तर मी घरी ठेवलेला. "संपलीऽऽ!" असं ओरडून मी पुढे निघून गेलो. बघा, जमलं की नाही म्हणायला!

दोनशे मीटरवर बाई म्हणाली, आपकी मंज़िल पीछे छूट गई है. आणि बंद पडली.

मी गाडी वळवली. ह्या वेळी हॉर्न न वाजवता हळूहळू आलो. मघाच्या त्याच गडग्याच्या तोंडाशी, धापा टाकत, हातात रिकामं ताट धरून उभी होती माझी मनू.

मी हेल्मेट काढलं.

"बाबा! तुमी?" तिचे डोळे भरून आले. डबा माझ्या पाठीआड होता, तिला दिसला नाही. "बरे इलात. आताच एक मासेवालो गेलो, बाबा. केवडी हाक मारलंय! धावलंय सुदा! पोटुशी बायल हाक मारता आणि मेल्यान मान सुदा वळवूक नाय. असल्या माणसाक चेडू नसतला!"

मी हेल्मेट टाकीवर ठेवलं.

"आसा गो," मी म्हटलं. "एकच आसा."

आणि बाजूला सरलो. तिनं डबा पाहिला. मग मला पाहिलं. मग पुन्हा डबा.

कढी झाली आणि ती भात मागून घेऊन जेवली, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा. पण त्या क्षणी ती डोळे पुसत हसायला लागली आणि म्हणाली, "वाजवा बगया परत एकदा."

मी वाजवला.

आतून आमच्या विहीणबाई हातात टोप घेऊन धावतच अंगणात आल्या. "गो मनू, धर धर तेका! परत इलो काय तो मेलो?"

"होय," मी हात जोडले. "नमस्कार, विहीणबाई."