पडलेल्यांना उचलायचं कुणी?

तापलेल्या धुळीला एक वास असतो. शिलाई मशीनची मोटर फार वेळ चालली की येतो, तो. गेल्या उन्हाळ्यापासून तोच वास आमच्या आतल्या खोलीतून येऊ लागला, आणि त्याच्यासोबत एका लहानशा पंख्याची अखंड घरघर. माझ्या लेकीनं, रेणुकानं, सुटे भाग मागवून स्वतः जोडलेला संगणक तो. त्याच्या एका बाजूचं झाकण ती कधी लावतच नाही. मी पूर्णेत शिलाईचं दुकान चालवते. ज्या यंत्राचं पोट उघडून पाहता येतं, त्याच्यावरच माझा विश्वास बसतो.

वाद उठला तो खेळांवरून. माझे दीर सेलूला शिक्षक आहेत. एकदा आले, तर पुतणी पडद्यावर धडाधड माणसं पाडत होती. पुढच्या खेपेला त्यांनी खेळांचा एक बंद डबा आणला. टीव्हीला जोडायचा, कंपनी देईल तेच खेळ, आणि त्यातले कोणते चालवायचे ते पासवर्ड घालून आम्ही ठरवायचं.

"वहिनी, हा ठेवा अन् ती भट्टी विकून टाका. पोरीच्या डोक्यात रक्त भरायलंय."

"काका, त्या डब्याच्या आत जाता येत न्हाई," रेणुका म्हणाली. "मी खेळ बनवायला शिकायलेय. हे गेलं तर शिकणं बी गेलं."

"आधी माणूस बन."

निकाल माझ्यावर सोडून दोघं जेवायला बसले.

पडद्यावरच्या रक्तानं खरंच मन रक्ताळतं का? कापड हातात न घेता मी कधी त्याचा पोत सांगितलेला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतःच खेळायला बसले. तिसरा माणूस पडला तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकले होते. कुणाबद्दल काही राग नसताना मला आनंद झाला होता! एका प्रयत्नात सुईत दोरा गेल्यावर होतो, तसलाच का तो? की त्याच्या तळाशी आणखी काही होतं? अजून मला नीट सांगता येत नाही.

मागे माझे सासरे, आमचे मामा, उभे होते. मामांनी पेडगावात जन्मभर शेळ्यामेंढ्या राखल्या. बोकड विकला तरी दावं द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. जनावर जातं, दावं खुंटीला राहतं. मामांनी पडदा निरखून पाहिला.

"पडलेलं कुठं गेलं?"

"गायब होतंय, आजोबा. आपोआप," शेजारी बसलेली रेणुका म्हणाली.

"उचलतंय कोण?"

"कुणीच न्हाई."

"मग मारणाऱ्याचं जातंय काय?"

त्या खेळाच्या कर्त्यांनी त्यात फेरफार करायची मुभा ठेवली आहे. दोन दिवस रेणुका त्यातच गुंतली. तिसऱ्या दिवशी तिनं अजून मुक्कामाला असलेल्या काकांनाच खुर्चीवर बसवलं. आता पडलेला जिथं पडला तिथंच राहत होता, आणि एकेकाला ओढत कडेला नेऊन ठेवल्याशिवाय पुढचा दरवाजा उघडत नव्हता.

भाऊजींनी मोठ्या आवेशानं नऊ जण पाडले. मग ओढायला लागले. चौथ्याला म्हणाले, "लय कंटाळवाणं हाय हे."

"असतंय," मामा म्हणाले.

मी डबा पिशवीत घालून भाऊजींच्या सामानाशी ठेवला. "घेऊन जा. ह्याच्यात हे करता आलं नसतं." ते पडद्यावरून नजर न काढता "ठेवा तिथं" म्हणाले, त्यांचे अजून तीन राहिले होते.

एका फेरफारानं वाद मिटतो, असं मी म्हणणार नाही. मैत्रिणींसोबत रेणुका अजूनही जुनाच खेळ खेळते, तो गायब होणाऱ्यांचा. मात्र भाऊजी ओढत होते त्या दिवशी पंखा नेहमीपेक्षा मोठ्यानं घोंगावत होता. मी कारण विचारलं, तर ती म्हणाली, पडलेला प्रत्येक जण आता यंत्राला लक्षात ठेवावा लागतोय. शेवटचा कडेला पोचला तेव्हा घरघर उतरली. तापलेल्या धुळीचा वास मात्र संध्याकाळपर्यंत खोलीत होता.