तांबडी, पांढरी आणि आमचे साडू

आमच्या साडूंनी आयुष्यात कुठलीही गोष्ट एकटी म्हणून पाहिलेली नाही. एक वस्तू समोर ठेवली तर ती त्यांना दिसतच नाही. तिच्याशेजारी दुसरी आणून ठेवली की मग दोन्ही दिसायला लागतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, हे यजमान. मूळचे गडमुडशिंगीचे, नोकरी कोल्हापुरात दुधाच्या तपासणीत. आलेल्या दुधात फॅट किती ते काढायचं, हे त्यांचं काम. उभी हयात ह्या कॅनमधल्या दुधाची त्या कॅनमधल्या दुधाशी तुलना करण्यात गेल्यामुळे असेल, पण घरीसुद्धा त्यांचा हात तिथून सुटला नाही. टोमॅटो घ्यायचे तर दोन बायकांकडून अर्धा-अर्धा किलो घ्यायचे आणि घरी येऊन प्रत्येकीचा एक-एक चिरून बघायचा. नवं घड्याळ घेतलं तेव्हा जुनं उतरवलं नाही. सहा महिने दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं घालून हिंडले आणि कुणी वेळ विचारली की दोन्ही सांगायचे. दाढ दुखायला लागली तेव्हा डावीकडची दाढ एका डॉक्टरला दाखवली आणि उजवीकडची, न दुखणारी, दुसऱ्याला. अक्काला बघायला गेले होते तेव्हाची गोष्ट तर आमच्या सासुरवाडीत अजून सांगतात. मुलीनं आणलेला चहा पिऊन झाल्यावर ह्यांनी विचारलं, "आणि आईंच्या हातचा चहा मिळंल का एक कप?" सासूबाईंनी बिचाऱ्यांनी करून दिला. तो उत्तम होता. मुलीच्या चहात साखरच नव्हती. पण साडूंनी तिला त्याबद्दल विचारल्यावर ती म्हणाली, "विसरले." एवढ्यावर त्यांनी होकार कळवला. "साखर काय, नंतर घालता येती," ते म्हणतात. "ही सबब सांगत बसली न्हाई, ते बघितलं मी."

पन्नाशीला त्यांची साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. साडूंनी चालणं आणि सायकल ह्यांची महिनाभर तुलना केली, आणि सायकलवर ते असे बसले की उतरायलाच तयार होईनात. साधी गिअरची सायकल होती. दर रविवारी सकाळी सात-आठ जणांची टोळी निघायची, त्यात हे सर्वांत थोरले आणि सर्वांत आनंदी. चढ आला की बाकीचे दात-ओठ खायचे आणि हे गप्पा मारायचे. दूध संकलनाच्या गावांची नावं घेत, कुठल्या गावच्या म्हशी कशा, ते सांगत चढायचे. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांनी त्यांच्या मनानं घेतलं की आता कार्बनची सायकल घ्यायची.

कार्बनची सायकल म्हणजे शर्यतवाले चालवतात ती. दोन बोटांवर उचलते. दुकानात पहिल्यांदा उचलली तेव्हा साडूंनी ती घाबरून खाली ठेवली आणि दुकानदाराला विचारलं, "आत काय घातलंय का न्हाई हिच्यात?" त्यांच्या गावाकडच्या थोरल्या भावानं किंमत ऐकून एवढंच विचारलं, "एवढ्यात दोन म्हशी येत्यात. ही दूध किती देती?" पण साडूंचं ठरलं होतं. फक्त कुठली ते ठरत नव्हतं. दुकानात दोन होत्या. एक तांबडी, अंगानं सडपातळ, चढासाठी बांधलेली. दुसरी पांढरी, चपट्या नळ्यांची, वारा कापत जाणारी. तिच्यावर माणसाला पार पुढं वाकून बसावं लागायचं. तीन महिने आमच्या दोन्ही घरांत दुसरा विषय नव्हता. "तांबडी जरा जास्त झोंबती, पांढरी बेतानं घेतली तर बरी," असं ते जेवताना म्हणायचे आणि अक्का म्हणायची, "अवो, सायकल आणताय का रस्सा?" दुकानात ते रोज संध्याकाळी जाऊन बसायचे. शेवटी शेवटी दुकानदाराची बायको त्यांना हक्कानं सांगायला लागली, "दादा, निघताना शटर तेवढं ओढा."

अखेर त्यांनी दुकानदाराला पटवलं, की चार रविवार सायकली चालवायला द्यायच्या. तांबडी दोनदा, पांढरी दोनदा. परीक्षा जोतिबाच्या चढावर. आणि मग जी तयारी सुरू झाली ती मी जन्मात विसरणार नाही. दोन्ही सायकलींना एकाच जातीचे टायर, दोन्हींत सारखी हवा. सीटची उंची गवंड्याचा ओळंबा लावून मोजलेली. पाण्याची बाटली रेघेपर्यंत भरायची. न्याहारीला दोन केळी, तीही चारही रविवारी सारख्या वजनाची. चारही वेळा अंगात तोच शर्ट. वारा कुठून येतोय ते कळावं म्हणून माझ्या स्कूटरच्या आरशाला अक्काच्या जुन्या साडीची चिंधी बांधली होती. मला स्कूटर घेऊन यायचंच होतं, कारण वेळ मी लावायची होती. "तुम्हीच का नाही लावत?" मी विचारलं. मनगटावर घड्याळ असलेला माणूस दुसऱ्याला वेळ लावायला का सांगतो, ते मला कळेना. साडू माझ्याकडे, पाणी घातलेलं दूध बघावं तसं, बघत राहिले. "दूध घालणाऱ्यानंच फॅट काढायचं व्हय, साडूभाऊ? चालवणाऱ्यानं घड्याळ बघितलं की पाय खोटं बोलतो. तुम्ही बघा. तुमच्या आकड्यावर मी गाडी घेणार."

पायथ्याला मी मोबाइलवरची वेळ चालू करायची, मग स्कूटरनं त्यांच्या पुढं वर जायचं आणि माथ्यावरच्या ठरलेल्या खांबापाशी उभं राहायचं. खांब ओलांडला की बटण. तीन रविवार मी हे नेकीनं केलं. तांबडीवरून आले की साडू दम लागलेला असतानाही हसत असायचे. पांढरीवरून आले तेव्हा मान चोळत होते. पण तिन्ही आकडे जवळजवळ सारखे, तीस मिनिटांच्या आसपास, पाच-सात सेकंदांचा फरक. सगळं चौथ्या रविवारवर येऊन ठेपलं. त्या दिवशी पांढरी होती.

वर पोचलो तर दर्शनाला आलेला माझा कॉलेजातला एक मित्र भेटला. वीस वर्षांनी. त्यानं मिठी मारली, बायकोची ओळख करून दिली, चहाच्या टपरीकडं ओढलं. मी म्हटलं, आहेत अजून दहा मिनिटं. गप्पांत मी कधी खांबाकडं पाठ केली, मला कळलं नाही. वळून बघतो तर साडू खांबाच्या पुढं उभे, हँडलवर कोपरं टेकून, घामानं निथळलेले, आणि माझ्याकडे बघताहेत. कधीपासून उभे होते? अर्धं मिनिट? दोन मिनिटं? मी आधीच बटण दाबलंय, अशीच त्यांची समजूत असणार; मी गुपचूप, घाईनं बटण दाबलं. आकडा बत्तीसच्या वर गेला होता.

"किती?" त्यांनी विचारलं.

तेव्हा सांगता आलं असतं. 'दादा, चुकलो, माझं लक्ष नव्हतं.' ते रागावले नसते. फक्त पाचव्या रविवारी पुन्हा दोन केळी वजन करून खाल्ली असती आणि मला पुन्हा पहाटे स्कूटर काढावी लागली असती. मला त्या चिंधीचा, त्या ओळंब्याचा, त्या सगळ्याचाच कंटाळा आला होता. मी मनातल्या मनात काहीतरी वजा केलं आणि म्हणालो, "एकोणतीस मिनिटं चौदा सेकंद." त्या चौदा सेकंदांमुळे ते खरं वाटलं असणार.

साडूंचा चेहरा जरा गोंधळला. "मला तर ही जड गेल्यासारखी वाटली," ते म्हणाले. मग वहीत आकडा लिहिला, त्याच्याखाली रेघ ओढली. "पण आकडा म्हंजे आकडा. मनाचं काय खरं असतंय?" आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी पांढरी घेतली. दुकानात पेढे वाटले. तांबडीच्या सीटवरून एकदा हात फिरवलेला मी पाहिला.

पांढरी त्यांना मानवली नाही. मान धरायची, कंबर धरायची, चढाला टोळीच्या मागं पडायचे. दुसऱ्या कुणी सायकलीला शिव्या घातल्या असत्या. पण साडूंच्या वहीत सायकल निर्दोष होती. "गाडी तीच, रस्ता तोच," ते मला समजावून सांगायचे, "म्हंजे माणूस उतरलाय." त्यांनी हृदयाच्या तपासण्या केल्या, अर्थातच दोन ठिकाणी. दोन्हीकडं सगळं ठीक निघालं, तर त्यांना वाटलं दोन्ही चुकले. भात बंद केला. चढावरच्या गप्पा बंद झाल्या. मग एका रविवारी मान आखडली म्हणून गेले नाहीत, एका रविवारी पाव्हणे आले म्हणून. बोलता बोलता 'आता वय झालं' म्हणायला लागले. आधी हसत, नंतर न हसता. आणि मी समोर बसून ऐकत होतो. रोज ठरवायचो, आज सांगू. मग वाटायचं, आता इतक्या दिवसांनी कसं सांगायचं? असे दिवस साठत दोन वर्षं झाली.

एका दुपारी मी त्यांच्याकडं गेलो तर अंगणात पांढरी पुसून उभी केलेली आणि एक तरुण तिला निरखत होता. साडू सायकल विकत होते. त्या तरुणानं विचारलं, "का विकताय, काका? काय प्रॉब्लेम हाय का?"

"गाडीत काही न्हाई," साडू म्हणाले. "मोजून घेतलीया. दोष आमच्यात हाय. आम्ही कमी पडलो."

तो तरुण दोन दिवसांनी येतो म्हणून गेला. मी अंगणात उभा राहूनच सगळं सांगितलं. मित्र, टपरी, खांब, वजाबाकी. अक्का दारात येऊन थांबली. साडू हातातल्या फडक्याच्या घड्या घालत होते. घड्या घालून झाल्यावर त्यांनी ते परत उलगडलं.

"म्हंजे," ते हळूच म्हणाले, "तवा मी म्हातारा झालो न्हवतो व्हय?"

मला वाटलं होतं ते ओरडतील. कोल्हापुरातला माणूस ओरडला म्हणजे प्रकरण मिटलं. ते ओरडले नाहीत. आत गेले, वही आणली, ते पान काढलं आणि माझ्या आकड्यावर एक सरळ रेघ मारून शेजारी लिहिलं, 'नमुना बाद'. दूध नासलं की तपासणीत लिहितात तसं. मग अक्काला म्हणाले, "साडूभाऊंना चहा टाक की." मी चहा प्यालो.

पांढरी गेली. तांबडी दुकानात नव्हती, तसली आता येत नाही, असं दुकानदार म्हणाला. दुसरी घ्या, मी सोबत येतो, मी चारच काय चाळीस रविवार येतो, असं मी कितीदा म्हणालो. ते म्हणाले, "बघू." आमच्या साडूंनी एखाद्या गोष्टीला नुसतं 'बघू' म्हणणं, आणि खरोखरच न बघणं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या वागण्यात माझ्याविषयी तसूभरही फरक पडला नाही. सणावाराला येतात, माझ्या पोरांचे लाड करतात. रागावले असते तर मी पाय धरले असते.

गेल्या श्रावणात दोन्ही घरं मिळून गगनबावड्याला गेलो होतो. गाडी माझी बायको चालवत होती, मी तिच्याशेजारी, साडू आणि अक्का मागं. भुरभुर पाऊस होता. घाटमाथ्याजवळच्या चढाला एक सायकलवाला एकटाच, मान खाली घालून, सावकाश चढत होता. डोक्यावरच्या टोपीखालून पांढरे केस दिसत होते. साडूंनी गाडी हळू करायला सांगितली, काच खाली केली आणि भिजत ओरडले, "चालू द्या, पावणं! आलाच माथा!" त्या गृहस्थानं हँडलवरचा हात न काढता नुसतं बोट वर केलं. गाडी पुढं गेली तरी साडू मागं वळून बघत होते.

"साठीचे तर असतील, न्हाई?" त्यांनी विचारलं.

"असतील," मी म्हणालो.

"मी बावन्नचा होतो," ते म्हणाले, आणि त्यांनी काच वर केली.