वहीतला एक

'खांबेट्यांच्या शेडमध्ये दारू मोजून मिळते,' हा इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळातला जुना विनोद. नवीन माणसाचे कान लगेच टवकारायचे. मग आशाकाकू हात झटकत म्हणायच्या, "बंदुकीची हो! प्यायची असती तर बरं झालं असतं, निदान आल्यागेल्याला विचारता तरी आलं असतं."

रघुवीर खांबेटे अडुसष्ट वर्षांचे. साताऱ्याहून सदुसष्ट साली आले, ते इथल्या एका मोटार कारखान्याच्या टूलरूममध्ये शिरले आणि चौतीस वर्षांनी बाहेर पडले. इंचाच्या हजाराव्या भागाला तिथे 'थाउ' म्हणतात. काकांचं सगळं आयुष्यच थाउमध्ये चालायचं. काकूंनी चकली पुढे ठेवली की बोटांत फिरवून म्हणायचे, "पाच थाउ जाड झालीय."

"खायची आहे ती, मशीनमध्ये बसवायची नाहीये."

निवृत्त झाल्यावर त्यांना रायफलचा नाद लागला. गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याचा कोवळी बार्ली ससे फस्त करायचे, कोकरं कोल्हे उचलायचे. त्याने काकांना आपल्या जमिनीवर शिकारीची परवानगी दिली. पोलिसांचा माणूस घरी येऊन लोखंडी कपाट बघून गेला, परवाना आला. काकूंची एकच अट होती: "मेलेलं काही माझ्या दारात आणायचं नाही, आणि किती मारले ते मला सांगायचं नाही."

पण काकांचा खरा जीव शिकारीत नव्हताच, काडतूस बनवण्यात होता. "दुकानातलं काडतूस म्हणजे रेडिमेड शर्ट. अंगाला होतो, पण आपला नसतो." शेडमध्ये एक छोटा प्रेस, पितळी तराजू, आणि एक निळी वही. एवढाच त्यांचा कारखाना.

त्या कारखान्यात दोन हजार चारच्या वसंतात अंशुमन आला. एकोणतीस वर्षांचा, कॉव्हेंट्रीतच जन्मलेला, कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात काम करणारा. त्याचा स्वतःचा परवाना नुकताच आला होता. आणि काकांचा उजवा हात थरथरायला लागला होता. दारू तोलताना चिमटीतून सांडायची. काकांना हात हवा होता, अंशुमनला गुरू.

पहिल्या दिवशी काकांनी वापरलेलं पितळी नळकांडं त्याच्यापुढे धरलं. "हे काय?"

"केस, काका."

"पुंगळी. हिच्या बुडात ही टोपी बसते, टोपीवर ठोका बसला की ठिणगी. मग दारू, वर गोळी. झालं काडतूस."

"आणि हा दारू किती टाकायचा?"

"ही. दारू ती. किती टाकायची."

"किती टाकायची."

"शाब्बास. आकडा छापील पुस्तकातून घ्यायचा, त्याच्याही खालून सुरू करायचं, आणि वर जायचं ते चोरपावलांनी. माझी दोन वर्षांची चोरपावलं या वहीत आहेत." त्यांनी निळी वही थोपटली. "टूलरूममध्ये एक जण माझ्या सेटिंग्जची सरळ कॉपी मारायचा. त्या दिवसापासून आकडे मराठीत. म्हटलं, मार आता कॉपी!"

काका खदाखदा हसले. अंशुमनही हसला, जरा उशिरा.

"तुला मराठी वाचता येतं म्हणून वही तुझ्या हातात देतोय. आमच्या नीलला दिली तर तो उलटी धरेल."

अंशुमनला मराठी वाचता येत नव्हतं.

हे या जगात फक्त त्याला आणि त्याच्या आईला माहीत होतं. नऊ वर्षांचा असताना मंडळाच्या दिवाळीत त्याने स्टेजवर कागद धरून खणखणीत स्वागताचं भाषण वाचलं होतं. कागदावर आईने सगळं इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं होतं. काका स्टेजवर चढले, स्वतःच्या खिशातलं पेन काढून त्यांनी त्याच्या खिशाला लावलं आणि माइकवर म्हणाले, "इथे जन्मलेलं पोर मराठी वाचतंय, बघा!" टाळ्या. पहिल्या रांगेत काकांचा मुलगा नील बसला होता, खाली मान घालून. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण नऊ वर्षांच्या मुलाला टाळ्या परत करता येत नाहीत, आणि पुढे वीस वर्षं कुणी मागितल्या नाहीत.

मे महिन्यातल्या एका शनिवारी काकांना हात दाखवायला हॉस्पिटलात जायचं होतं. शेल्फवरच्या दोन वेगळ्या दारूंच्या डब्यांतला एक काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "दहा काडतुसं भरून ठेव. वजन वहीत आहे, शेवटचं पान. उद्या शेतावर कागदावर मारून बघू."

"येस, काका. मी वाचेन वही पूर्ण."

"पूर्ण नको, शेवटचं पान पुरे," काका म्हणाले आणि गेले.

अंशुमनने पान उघडलं. अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबत होती. मधोमध आकडा होता, त्याखाली दोन रेघा: ३१.

पहिला तीन. तो कुणालाही कळेल. दुसरा? वर गोल, खाली शेपूट. नाईन. नाईनच असणार, जरा वाकडा काढलेला.

तरी त्याच्या मनात काहीतरी टोचलं. शेल्फवर इंग्रजी छापील पुस्तक होतं. पण काकांनी वही दिलेली असताना पुस्तक उघडायचं म्हणजे स्वतःशीच कबुली देणं. तो वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. काकू कणीक मळत होत्या.

"काय रे, काही अडलं?"

त्याने वही पाठीमागे धरली. "नाही काकू. पाणी पाहिजे होता."

"हवं होतं," काकू सवयीने म्हणाल्या आणि हाताची कणीक झटकून त्यांनी ग्लास भरून दिला.

पाणी पिऊन तो परत आला आणि त्याने तराजूचं वजन एकोणचाळीसवर लावलं. ग्रेन हे गुंजेहूनही लहान माप, जेमतेम चिमूटभर. आठ ग्रेन इकडे की तिकडे, डोळ्यांना काय दिसणार? दारू पुंगळीच्या गळ्याशी आली तेव्हा मात्र तो थबकला. मग त्याला वाटलं, घरचं म्हणजे भरगच्चच असणार.

रविवारी दुपारी शेताच्या टोकाला, मातीच्या उंच बांधावर काकांनी कागद लावला. अंशुमन रायफलकडे हात करणार तोच त्यांनी त्याला खांद्याने बाजूला सारलं.

"नवीन काडतुसाची पहिली गोळी मी मारतो. नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"माझा. शिकवलं मी, तर आधी माझं थोबाड."

रायफल वाळूच्या पिशवीवर टेकलेली होती, त्यामुळे थरथर दिसत नव्हती. काकांनी श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

आवाज रोजचा नव्हता. धमाक्यात काहीतरी तडकल्याचा सूर होता. काकांची मान मागे फेकली गेली, चष्म्याची उजवी काच तडकून गवतात पडली, भुवईखालून रक्ताची रेघ गालावर उतरली.

"काका! काका, डोळा—"

"आहे, आहे. डोळा आहे." ते रुमाल दाबून बसले. काडतूस आत बंद करणारा रायफलचा बोल्ट गच्च अडकला होता, दोन्ही हातांनी ओढूनही हलेना. मग ते शांतपणे म्हणाले, "थर्टी-वनच घेतलंस ना? लिहिलंय तसं?"

थर्टी-वन.

तो शेपटीवाला आकडा अंशुमनच्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि ताठ होत होत एक झाला.

"हो, काका," तो म्हणाला.

घरी आल्यावर काकूंनी जखम धुतली, पट्टी लावली. काका तशाच अवस्थेत शेडमध्ये गेले. "उरलेल्यातलं एक उघड आणि तोल. मला दिसत नाहीये, तूच सांग."

अंशुमनने गोळी उपटून काढली, दारू पारड्यात ओतली. काटा हलला, डुलला, थांबला. एकोणचाळीस. काका पलीकडे स्टुलावर, एका डोळ्यावर पट्टी, चष्मा नाही.

"किती?"

एक शब्द होता, तोंडात तयार होता. सांगितला असता तर काका ओरडले असते, कदाचित वही भिंतीवर भिरकावली असती, आणि संपलं असतं.

"थर्टी-वन, काका."

"नक्की?"

"नक्की."

काकांनी मान हलवली. मग शेल्फवरच्या दोन डब्यांकडे चेहरा वळवला. "मग डबा चुकला. चुकीची दारू दिली मी तुला. मीच." थरथरणारा हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरला. "तू आधी मारली असतीस तर? तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं रे मी?"

अंशुमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पारड्यातली दारू त्याने पाण्याच्या बादलीत ओतली, उरलेली आठही उघडून त्यातली ओतली, आणि तीन वेळा हात धुतले.

दोन आठवडे तो तिकडे फिरकला नाही. ऑफिसात फोन वाजला की दचकायचा. शेवटी काकूंचाच फोन आला. "येऊन जा रे. त्यांना एक पत्र लिहायचंय, इंग्रजीतून. तुझ्याकडूनच हवंय म्हणतात."

पत्र पोलिसांना होतं. परवाना आणि रायफल परत करण्याचं.

काका नव्या चष्म्यातून टेबलाकडे बघत बोलत होते. "लिही. वयामुळे माझ्या हातून गंभीर चूक झाली आहे. आता माझ्यावर माझाच भरवसा राहिलेला नाही." थांबून ते कसनुसं हसले. "चौतीस वर्षं थाउमध्ये काम केलं, आणि आता दोन डबे ओळखता येत नाहीत."

"बरंच झालं," दारातून काकू म्हणाल्या. पण तोंड फिरवून डोळे पुसले.

अंशुमनने लिहिलं. सुरेख अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहिलं. काकांनी सहीसाठी पेन उचललं, मग खाली ठेवलं आणि ड्रॉवरमधून निळी वही काढून त्याच्या हातात दिली.

"ही आता तुझी. या गावात आमच्यामागे हे वाचणारा तू एकटा. जाता जाता पहिलं पान वाच बघू, मला ऐकू दे. त्या दिवाळीत वाचलं होतंस तसं."

अंशुमनने पान उघडलं. दोरीवरचे कपडे लोंबत होते. काका डोळे मिटून वाट बघत होते.

त्याने शेवटचं पान काढलं आणि आकड्यावर बोट ठेवलं. "काका. हा थ्री. आणि हा... मला वाटला, नाईन."

काकांनी डोळे उघडले. "कुठे नऊ?"

"हा."

"एक आहे तो."

काकांनी वहीवरून मान वर केली.

"तोललंस तेव्हा?"

"थर्टी-नाईन होता. मी खोटं बोलला."

अंशुमनला वाटलं, आता रायफलचं विचारतील, डोळ्याचं विचारतील.

"दिवाळीत वाचलंस ते?"

"आईने इंग्लिश लेटर्समध्ये लिहून दिला होता."

काका मागे टेकले. चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. "नीलला मी वीस वर्षं तुझं नाव घेऊन बोलतोय," ते हळूच म्हणाले, जणू स्वतःलाच. "फोनवरसुद्धा. मागच्या रविवारीसुद्धा."

त्यांनी पत्र उचललं, चार घड्या घातल्या आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. मग अंशुमनच्या हातातली वही काढून घेतली, हिसकावली नाही, नुसती काढून घेतली, आणि ड्रॉवर बंद केला.

"माझा चूक झाला, काका," अंशुमन म्हणाला.

आणि तो थांबला. लहानपणापासून या घरात त्याचं असं एकही वाक्य सुटलं नव्हतं. आता म्हणतील, माझी. चूक ती. माझी चूक झाली. तो कान देऊन वाट बघत राहिला.

काका उठले, किटलीचं बटण दाबलं आणि पाठमोरेच, सावकाश, एकेक शब्द सुटा करत, बँकेतल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसं इंग्रजीत म्हणाले, "वुड यू लाइक सम टी? डू यू टेक शुगर?"

दारात उभ्या काकूंनी नवऱ्याकडे बघितलं, मग अंशुमनकडे. तो किती साखर घेतो हे या घरात तो चार वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं.

"टू, प्लीज," अंशुमन म्हणाला.