लॅपटॉपचं दुसरं बटण

हे मी बरीच वर्षं पोटात ठेवलंय. घरात बायकोला आजही माहीत नाही. तुम्हाला सांगतो — पण जरा अडखळतच.

नगरच्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवतो. तिथं एक जुना लॅपटॉप होता. चालू करायची बटणं दोन — एक नेहमीचं, शेजारी एक लहान. लहान बटण कुणी वापरत नसे. मला हुक्की आली. सुट्टीत खटपट करून मी असं केलं, की ते दाबलं की नेहमीचं विंडोज येणारच नाही, मी टाकलेली वेगळी सिस्टीम सुरू होईल. जमलं! सांगितलं कुणाला? नाही. परवानगी तरी कुठं घेतली होती?

त्याच लॅपटॉपवर मराठीच्या साळवे बाई शाळेचा वार्षिक अंक टाइप करत होत्या. मुलांच्या कविता, दोन महिन्यांची मेहनत. एका सकाळी त्यांचं बोट लहान बटणावर पडलं. समोर अनोळखी स्क्रीन, फाइल एकही नाही. स्टाफरूममध्ये बाई रडायला लागल्या. "माझ्या हातनं सगळं गेलं हो, सर!"

मला क्षणात कळलं — अंक नेहमीच्या विंडोजमध्ये जसाच्या तसा होता. बंद करून नेहमीचं बटण दाबायचं — संपलं. पण मुख्याध्यापक बघत होते. मी म्हणालो, "बाई, भलतंच काहीतरी दाबलंत तुम्ही. बघतो, परत मिळतंय का."

दोन दिवस लॅपटॉप घरी नुसता ठेवला. मग अंक 'परत मिळवून' दिला. बाईंनी पेढे आणले. मी ते खाल्ले — खाल्ले हो!

त्यानंतर बाईंनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. पुढे मुख्याध्यापिका व्हायची पाळी त्यांचीच होती. त्यांनी नकार लिहून दिला — सगळं काम ऑनलाइन, मला जमायचं नाही. तेव्हा मी समोरच बसलो होतो. गप्प.

बाई निवृत्त झाल्या. गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे मी काहीच बिघडवलं नव्हतं?"

"नाही, बाई."

"नऊ वर्षं, सर!" त्यांचा आवाज चढला. "जा तुम्ही आता."

मी उठलो.

परवा त्यांचा मेल आला, स्वतः टाइप केलेला. लॅपटॉप घेतलाय, भाची शिकवते, आजोळच्या आठवणी लिहायला घेतल्यात, बारा पानं झाली. खाली फक्त नाव. माझ्याबद्दल एक अक्षर नाही — आणि ते बरोबरच आहे.

बारा पानं झाली. तेवढी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतो.