टेप वस्तीला जाते

आमच्या ऑफिसात एकच खोली थंडगार होती आणि ती माणसांसाठी नव्हती.

रत्नागिरीत साळवी स्टॉपच्या पुढे, हमरस्त्याला लागून आमचा आंबा बागायतदारांचा संघ. सत्त्याऐंशी साली आंब्याच्या हंगामाच्या तोंडावर तिथे कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी भिंती रंगवल्या, पडदे शिवले आणि एसी बसवला. आम्ही माणसं मात्र पूर्वीसारखीच पंख्याखाली घामाघूम बसून राहिलो. फाइल दाखवायच्या निमित्ताने कोणीही उठून त्या खोलीत जायचा आणि निमित्त संपलं तरी उभा राहायचा. मग आतून आवाज यायचा, "झालं ना थंड? आता दार लावा बाहेरून."

हा आवाज सगुणा पिलणकर यांचा. बाई मूळच्या टायपिस्ट. कॉम्प्युटर आला त्या दिवशी आम्ही सगळे हात मागे बांधून उभे होतो, न जाणो शॉक बसला तर! बाईंनी पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली आणि मुंबईहून आलेल्या इंजिनिअरला म्हणाल्या, "हं, सांगा. पण हळू सांगा. मला परत विचारायला तुम्ही इथे नसणार." तेव्हापासून ती खुर्ची त्यांची झाली. नवरा, आत्माराम, बोटीवर. तो वर्षातून एकदा यायचा आणि खाडीवर सगळ्यांना सांगायचा, "आमच्या बोटीवर पण कॉम्प्युटर हाय. पण आमच्याकडे तो कॅप्टन चालवतो."

दिवसभर कुणाच्या किती पेट्या आल्या ते बाई मशीनमध्ये घालायच्या आणि साडेपाचला आवक बंद झाली की त्या सगळ्याची नक्कल टेपवर घ्यायच्या. टेप म्हणजे गाण्याच्या कॅसेटची थोरली बहीण, अंगाने जाड आणि किमतीने भारी. नक्कल घेण्याआधी मशीन पडद्यावर तीन प्रश्न विचारायचं. जुनं पुसून लिहू, की जुन्याच्या पुढे? टेप आधी शेवटपर्यंत सोडून परत गुंडाळून घेऊ? आणि लिहून झाल्यावर सगळं परत वाचून, ताडून पाहू? या शेवटच्याला व्हेरिफाय म्हणायचे.

दुसऱ्या प्रश्नाला बाईंचं उत्तर कायम 'हो'. "आमचे मामंजी गरी टाकायच्या आधी दोरी अशीच पुरी सोडून परत गुंडाळायचे. नाहीतर ऐन वेळी गाठ बसते," असं त्यांनी इंजिनिअरला सांगितलं, तर त्याने ते वहीत लिहून घेतलं. तिसऱ्या प्रश्नाला मात्र त्या 'नाही' म्हणायच्या.

कारण जयगडची वस्तीची गाडी. ही एसटी संध्याकाळी रत्नागिरीहून सुटायची, रात्री जयगडला मुक्काम करायची आणि सकाळी परत यायची. सहाच्या सुमारास ती आमच्या फाटकावरून जायची. टेप लिहून व्हायची तीही सहाच्या सुमारास. बाई टेप पिशवीत टाकून फाटकाकडे धावायच्या. एक नक्कल रोज इमारतीबाहेर झोपली पाहिजे, असा इंजिनिअरचा दंडक होता. न जाणो ऑफिसला आग लागली तर! म्हणून टेपसुद्धा बाईंबरोबर जयगडला वस्तीला जायची आणि सासूबाईंच्या ट्रंकेत, शालूवर, डांबराच्या गोळ्यांच्या वासात झोपायची.

सासूबाई म्हणजे येसूबाई. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. सुनेच्या हातचं ताट समोर आल्याशिवाय घास तोंडात घालायच्या नाहीत. शेवटची गाडी चुकली तर म्हातारी उपाशी, हे साधं गणित. व्हेरिफायला आणखी पंधरा-वीस मिनिटं लागायची, आणि ती बाईंकडे नव्हती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी वीज दोन-तीनदा डोळे मिचकावून गेली आणि मशीनच्या पोटातलं सगळं गेलं. कोणी घाबरलं नाही. जयगडहून आलेली टेप होतीच ना! बाईंनी ती लावली. अर्ध्यापर्यंत वाचली गेली आणि पुढे नुसती करकर. आदल्या आठवड्याची टेप चालली, पण मधल्या दिवसांच्या पावत्या आम्ही सगळ्यांनी बसून परत घातल्या. तीन बागायतदार आपल्या पेट्या किती ते सांगायला आले आणि तिघांनीही थोड्या जास्तच सांगितल्या.

मॅनेजर पानवलकर साहेब ओरडणारे गृहस्थ नव्हते. ते हळू बोलायचे, त्याचीच भीती वाटायची.

"बाई, उद्यापासून व्हेरिफाय झाल्याशिवाय टेप बाहेर काढायची नाही."

"साहेब, माझी गाडी..."

"माहीत आहे. म्हणूनच म्हणतो, जमत नसेल तर तुम्ही परत टायपिंगला बसा. बाळा शिवलकर इथे हाकेवर राहतो."

बाळा दारातच उभा होता. तो हाकेवर राहायचा हे खरं, पण त्या क्षणी त्याचं सगळं लक्ष एसीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी व्हेरिफायला 'हो' दाबलं. त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी फाटकावरून निघून गेली. मग बाई एका बर्फाच्या ट्रकने जयगडच्या वाटेवरच्या खंडाळ्यापर्यंत आणि पुढे कुणाच्या तरी टेम्पोत बसून घरी पोचल्या. सकाळी आम्हाला सांगत होत्या, "सासूबाई दारातच बसलेल्या. म्हटलं, जेवलात? तर म्हणतात, 'तुज्याबिगर कदी जेवलंय?' म्हटलं, शेजारच्या हौसाने डबा आणला ना? 'आणलान. तिच्या आमटीत मीठ नाय.' मग त्यांना सगळं समजावलं, मशीन कसं लिहितं, परत कसं वाचतं. तर मला विचारतात, 'सोताचा अक्षर सोताला लागत नाय काय गो त्याला?'"

आम्ही हसलो. बाईही हसल्या, आणि मग उठून साहेबांना सांगून आल्या की सोमवारपासून बाळा बसू दे, आज मी त्याला दाखवून, टेप त्याच्यावर सोपवून निघते. परत येऊन त्या आपल्या जुन्या टाइपरायटरवरची धूळ पुसायला लागल्या. खोलीतून आम्हाला कोणी हाकललं नाही, आणि आश्चर्य म्हणजे कोणाला आत जावंसंही वाटेना.

त्या संध्याकाळी बाई गाडीत चढल्या तेव्हा कंडक्टर भागोजीने आधी पिशवीकडे पाहिलं. हा माणूस रोज त्या टेपला खिडकीकडची जागा करून द्यायचा.

"वयनी, आज पाव्हणी नाय?"

बाईंनी काय झालं ते सांगितलं. तोवर गाडी कुवारबावच्या अलीकडे जांभळाखाली थांबली. ही भागोजीची रोजची जागा. स्टँडवर सगळी तिकिटं फाडून होत नसत. म्हणून गावाबाहेर गाडी उभी करायची, उरलेली तिकिटं द्यायची, पास नोंदायचे, मग डोकी मोजायची आणि दोन्ही आकडे मिळाले की घंटी द्यायची.

"आमचा पण असाच आसता," भागोजी डोकी मोजता मोजता म्हणाला. "ल्हायचा आनि मग ताडून बगायचा. चेकर चढला आनि एक डोका कमीजास्त निगाला तर माजी नोकरी जायल." तो मधेच थांबला. "तुमचा मशीन किती वेळ लावता?"

"आवक जास्त तितका वेळ जास्त."

"मग माजा पन तसाच. गाडी भरलेली आसली का वेळ." तो पुढे ड्रायव्हरकडे वाकला. "काय रे सदू, ह्या जांभळाखालीच थांबाया पायजे असा काय कायदा हाय काय?"

"सावली हाय," सदू म्हणाला.

"सा वाजता तुला सावली कशाला रे? संघाच्या फाटकासमोर थांबव उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी शनिवार. बाई सकाळीच साहेबांच्या खोलीत गेल्या. "आजचा एक दिवस मला बघू दे. आज नाही जमलं तर सोमवारी बाळा." साहेब बरं म्हणाले.

सहाला गाडी फाटकासमोर उभी राहिली. आत टेप लिहून झाली होती आणि व्हेरिफाय सुरू होतं. रस्त्यावर भागोजी तिकिटं फाडत होता. मी फाटकाशीच होतो. मला एका कानाने टेपची घरघर आणि दुसऱ्या कानाने भागोजीच्या पंचची टिकटिक ऐकू येत होती. कोण आधी संपवतं, एवढंच बघायचं होतं.

आणि खोलीतून बाईंचा आवाज आला, "मेलं अडलं!"

पडद्यावर लिहिलेलं होतं की टेपवरचं आणि मशीनमधलं जुळत नाही. बाई खिडकीशी आल्या. चेहरा उतरलेला. "भागोजीभाऊ, जुळत नाही. डोकं पुसून परत वाचायला लावायला हवं." टेप वाचणाऱ्या भागाला हेडच म्हणतात, पण गाडीतल्या दोघातिघांनी आपलं कपाळ पुसलं. "तुम्ही जा. गाडी अडवू नका."

भागोजीने खिडकीकडे पाहिलं, मग गाडीकडे. "जाव कसा? माजा पन जुळत नाय. एक डोका कमी हाय."

तो मागच्या बाकापासून परत मोजायला लागला. बाईंनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसलं आणि पुन्हा 'हो' दाबलं. गाडीतून एक म्हातारा कुरकुरला, "आरं, किती येळा मोजशील? आमी काय कोंबड्या हाव?"

"आजा, कोंबड्या बऱ्या. त्या गप बसतात," भागोजी म्हणाला आणि पुढून मागे मोजायला लागला. परत एक कमी. सदूने इंजिन बंद केलं. पानवलकर साहेब बाहेर येऊन पायरीवर उभे राहिले. बाळा एसीच्या खोलीच्या दारात होता, पण आत गेला नाही. टेप घरघरत होती.

मग घरघर थांबली. "जुळलं!" बाई ओरडल्या. टेप पिशवीत, किल्ल्या साहेबांच्या हातात आणि बाई फाटकाबाहेर. साहेब किल्ल्या मुठीत धरून म्हणाले, "सोमवारी वेळेवर या, बाई. मशीन तुमचं आहे."

बाई धापा टाकत चढल्या. "कोण कमी होतं, भागोजीभाऊ?"

भागोजीने त्यांच्यासमोर पासांची नोंद धरली. त्यावर बाईंच्या पासाचा नंबर होता, गाडी फाटकावर येण्याआधीच लिहिलेला.

"पास हाय आनि मानूस नाय. गाडी सोडली आसती तर मी आडाकलो आसतो," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. मग त्याने खिडकीकडची जागा टेपसाठी मोकळी केली आणि घंटीची दोरी दोनदा ओढली.

"सोड रे सदू. येसूबाय जेवायची थांबलीय."