काट्यावरचा कापूस

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखनही चुकतं. चौथीपर्यंतच शिकले. सांभाळून घ्या.

आमच्या शेजारची मावशी काट्यावरचा कापूस काढण्याआधी त्यावर हलकी फुंकर घालायची. मग झोपलेल्या लेकराच्या डोळ्यांवरचा केस बाजूला करावा, तसा तो दोन बोटांनी उचलायची.

अमरावतीच्या बागेलगतचा मोठा रस्ता तुम्ही पाहता तो मोकळा. माझ्या लहानपणी त्याला बाभळीचं कुंपण होतं. कापसाला सोन्याचा भाव आला होता. भरल्या गाड्या दिवसभर बाजाराकडे चालायच्या आणि कापूस काट्यांना अडकायचा. सकाळच्या धुक्यात रस्ता कुठला, कापूस कुठला, कळायचं नाही. नुसत्या बैलांच्या घंटा वाहत जायच्या.

काट्यावरचा कापूस वेचणाऱ्याचा, भुईवर पडलेला गाडीवाल्याचा, अशी रीत होती. मावशी बागेच्या फाटकाशी शेवंती विकायची आणि ती रीत आम्हा पोरींना दटावून शिकवायची.

पौषात माझा भाऊ सातव्या महिन्यातच जन्मला. ओंजळीएवढा. त्या चढ्या भावात दुलईपुरता कापूस घेणं आम्हाला जमणारं नव्हतं. मावशीच्या टोपलीतला उशीलाही पुरत नव्हता.

त्याच दिवशी तिवसा गावच्या एका गाडीवरचं पोतं काट्याने फाटलं. भुईवर ढीग पडला. गाडीवाला नकळत पुढे गेला. मावशी क्षणभर उभी राहिली, मग तिने पदर पसरला. तो भरून घरी आणला आणि आईला म्हणाली, "रडून काहून राहिली वो? दुलई भर."

भाऊ जगला.

चार दिवसांनी गाडीवाला परतला, तेव्हा मावशीनेच त्याला अडवलं. "तुहा कापूस म्या उचलला. भुईवरचा. लेकराच्या दुलईले."

"लेकराले पांघरला ना? जाऊ दे मावशे, मले पावला."

"पावते देवाले. तू भाव सांग."

तेव्हापासून तो आला की ती फुलांचे पैसे त्याच्या हातावर ठेवायची. बाकीचे गाडीवाले त्याला चिडवायचे, "काय गा, फुलं विकून राहिला का कापूस?"

मग एकाएकी भाव कोसळला. रस्ता रिकामा वाटू लागला. तो म्हणाला, "मावशे, दिले त्यात आता चार दुलया होतील. फिटलं."

"घेतला त्या दिवसाचा भाव. पोरगं त्या दिवसाच्या थंडीत वाचलं, आजच्या नाही."

पुढच्या उन्हाळ्यात मावशी गेली. रस्ता रुंद करताना कुंपणही गेलं. पण त्याआधीच्या दिवाळीत तिने शेवटचे दोन आणे गाडीवाल्याच्या हातावर ठेवले. तो ते तसेच खिशात टाकू लागला.

"मोज," ती म्हणाली.

त्याने मोजले. सगळे फिटले होते.